कामाची यादी आणि वापरणाऱ्यांचा अभिप्राय

शेतकरी पेरणीपूर्वी बियाणे, खत, औत आणि मजूर यांची जुळणी मनातल्या मनात करतो. घर चालवणारी स्त्री सकाळी उठते तेव्हा दिवसभराच्या कामांचा क्रम तिच्या मनात तयार असतो. काम थोडे आणि करणारे माणूस एकच असेल, तर अशी मनातील यादी पुरते. कामे वाढली, ती अनेकांमध्ये वाटली गेली आणि एकाच्या कामावर दुसऱ्याचे काम अवलंबून राहू लागले, की यादी कागदावर उतरवावी लागते. महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत लिपिकाकडे ‘कार्यविवरण नोंदवही’ असते. कागद कोणत्या तारखेला आला, त्याचा विषय काय, त्यावर कोणती कार्यवाही झाली आणि तो केव्हा निकाली निघाला, हे तीत लिहायचे असते. तिचा गोषवारा वेळोवेळी वरिष्ठांपुढे ठेवला जातो. म्हणजे किती प्रकरणे हातावेगळी झाली आणि किती प्रलंबित राहिली, हे कळते.

मोबाइल फोनवर कामांचे नियोजन करणारे ॲप ही याच नोंदवहीची पुढची पायरी होय. करायची कामे, चालू असलेली कामे आणि संपलेली कामे असे तीन कप्पे त्यात असतात. वहीला जे जमत नाही ते ॲपला जमते. तारीख जवळ आली की ते आठवण करून देते, बेरीज स्वतः करते आणि एका ठिकाणी भरलेली माहिती शेकडो मैलांवरच्या अधिकाऱ्याला दाखवते. वहीला जे सहज जमते ते मात्र ॲपला जमत नाही. वहीतील रकाना अपुरा पडला, तर लिहिणारा समासात लिहितो. एखादी गोष्ट महत्त्वाची वाटली, तर तांबड्या शाईने खूण करतो. ॲपला समास नसतो. ज्याने ते बनवले त्याने जेवढे रकाने ठेवले तेवढेच रकाने. म्हणून ॲप वापरणाऱ्याला काही अडले, तर बनवणाऱ्याला सांगण्यावाचून गत्यंतर नसते. या सांगण्यालाच ‘वापरकर्त्याचा अभिप्राय’ असे म्हणतात. असा अभिप्राय कसा तयार होतो, तो कोणापर्यंत पोहोचतो आणि पोहोचला नाही तर काय होते, हे आपण एका प्रत्यक्ष उदाहरणावरून पाहू.

तमिळनाडूत तंजावर आणि कुंभकोणम या दोन शहरांच्या दरम्यान, पापनाशम तालुक्यात, तिरुक्करुगावूर नावाचे गाव आहे. ‘करु’ म्हणजे गर्भ आणि ‘का’ म्हणजे राखणे. गर्भाचे रक्षण करणारे गाव, असा या नावाचा अर्थ लावला जातो. तेथील देवीचे नाव गर्भरक्षांबिका. अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रियांना तेथे प्रसाद म्हणून तूप देतात. गरोदर स्त्रियांना पोटावर लावण्यासाठी एरंडेल देतात. दूरदूरच्या गावांहून स्त्रिया तेथे येतात. बाळंतपण सुखरूप व्हावे, ही त्यांची मागणी.

हीच मागणी पुरी करण्याची शासनाची रीत निराळी आहे. शासन यादी करते. गावात कोण गरोदर आहे, कितवा महिना चालू आहे, लस कधी द्यायची, आहार किती द्यायचा, घरी भेट कोणत्या दिवशी द्यायची, हे सारे नोंदवावे लागते. तमिळनाडूत प्रत्येक गरोदर स्त्रीची नोंद होऊन तिला 12 अंकी क्रमांक मिळतो आणि पुढे बाळाचा जन्मदाखला मिळवतानाही तो लागतो. यादीत नाव आले, की पुढच्या सगळ्या सेवा त्या नावाला जोडल्या जातात. याचा दुसरा अर्थ असा, की यादीतून नाव सुटले तर सेवाही सुटतात. तेव्हा यादी ठेवणाऱ्या साधनातील लहानसा दोषही कोणाच्या तरी पोटापर्यंत पोहोचतो. हे लक्षात ठेवून पुढचा भाग वाचावा.

गावपातळीवर आहार, वजन आणि गृहभेटी यांची यादी ठेवण्याचे काम देशभर अंगणवाडी सेविका करतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. त्यांपैकी सुमारे 1 लाख 10 हजार महाराष्ट्रात आहेत. तुमच्यापैकी काही जणी स्वतः सेविका किंवा मदतनीस असतील. निदान तुमच्या वाडीतील अंगणवाडीच्या ताई तुम्हांला ठाऊक असतीलच. पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि आहार व आरोग्याचे शिक्षण, अशा सहा सेवा या एका खोलीतून चालतात.

या सेवांसाठी सेविकेला 11 नोंदवह्या ठेवाव्या लागत. कुटुंबांची माहिती, आहाराचा साठा, आहाराचे वाटप, बालकांची हजेरी, गरोदरपण व बाळंतपण, लसीकरण, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस, संदर्भ सेवा, बालकांची वजने, मासिक गोषवारा. आणि एक वही गृहभेटींच्या नियोजनाची. या शेवटच्या वहीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. कोणत्या घरी, कोणत्या महिन्यात, कशासाठी जायचे, हे तीत आधीच ठरवायचे असे. कामांचे नियोजन म्हणतात ते हेच. अकरा वह्यांचा गठ्ठा जड होता आणि तीच नावे पुन्हा पुन्हा लिहावी लागत, हे खरे. पण वही सेविकेच्या भाषेत होती आणि ती कधी बंद पडत नसे.

राष्ट्रीय पोषण अभियान 8 मार्च 2018 रोजी सुरू झाले. त्याबरोबर अंगणवाड्यांमध्ये मोबाइल आले आणि ‘कॅस’ या नावाने ओळखले जाणारे ॲप आले. 11 पैकी 10 वह्यांचे काम या एका ॲपमध्ये होईल, अशी योजना होती. बालकाचे वजन भरले, की ते वयाच्या मानाने कमी आहे की नाही, हे ॲप स्वतः सांगे. पूर्वी यासाठी वाढीच्या आलेखावर बोट फिरवून टिंब शोधावे लागे. गृहभेटींची यादीही आपोआप तयार होई. ही सोय खरोखर मोठी होती. ॲपविषयीच्या तक्रारी वाचताना हे विसरता कामा नये, की सेविकांचा विरोध यंत्राला नव्हता. बहुतेक जणींनी ते चालवायला शिकून घेतले होते.

पुढे कॅस बंद झाले आणि 2021 साली ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप देशभर लागू झाले. तिरुक्करुगावूरच्या अंगणवाडीसाठीही तेच आणि गडचिरोलीच्या पाड्यावरील अंगणवाडीसाठीही तेच. येथून महाराष्ट्रातील सेविकांच्या तक्रारी वाढत गेल्या. त्यांतील मुख्य तक्रारी तीन होत्या. मिळालेले मोबाइल कमी क्षमतेचे होते. नव्या ॲपचे ओझे त्यांना पेलत नसे, ते तापत आणि मध्येच अडकून बसत. दुरुस्तीचा खर्च सेविकांना स्वतःच्या तुटपुंज्या मानधनातून करावा लागे. आणि नव्या ॲपमध्ये मराठीतून काम करता येत नव्हते. नावे इंग्रजीत भरावी लागत.

तिसरी तक्रार वरवर पाहता किरकोळ वाटते. दहावी शिकलेल्या बाईला चार इंग्रजी शब्द लिहिता येऊ नयेत काय, असे म्हणणारेही भेटतात. परंतु हा प्रश्न सेविकेच्या शिक्षणाचा नाही. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव घ्या. ‘ज्ञ’ हे अक्षर रोमन लिपीत कोणी ‘द्न्य’ सारखे लिहील, कोणी ‘ग्य’ सारखे, तर कोणी ‘ज्न’ सारखे. आधार कार्डावर एक स्पेलिंग, दवाखान्याच्या कागदावर दुसरे आणि ॲपमध्ये तिसरे झाले, तर यंत्राच्या दृष्टीने त्या तीन निराळ्या मुली झाल्या. नाव शोधले तर सापडत नाही, आणि नव्याने भरले तर नोंद दुबार होते. ज्या गावाचा आपण उल्लेख केला त्याचीही हीच गत आहे. तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ या दोन्ही उच्चारांसाठी एकच अक्षर आहे. त्यामुळे तिरुक्करुगावूर हे नाव रोमन लिपीत कोठे ‘क’ने, कोठे ‘ग’ने, कोठे एका ‘क’ने तर कोठे दोन ‘क’ने लिहिलेले आढळते. गावातल्या माणसाला यात काहीच अडचण येत नाही. अडचण दूरच्या यंत्राला येते, आणि तिचे निवारण मात्र गावातल्या माणसाने करायचे असते.

दप्तराची भाषा आणि लोकांची भाषा वेगळी असण्याचा अनुभव या परिसराला नवा नाही. 1676 च्या सुमारास तंजावरला मराठ्यांचे राज्य आले आणि ते 1855 पर्यंत टिकले. त्या काळचे मोडी लिपीतील मराठी कागद तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. शेतात तमिळ बोलणाऱ्या कुळांचे हिशेब कचेरीत मोडी मराठीत उतरत. आपल्या भाषेचा तो विस्तार वाचून आपल्याला अभिमान वाटतो. पण आपल्या शेताविषयी काय लिहिले आहे, हे ज्याला वाचता येत नव्हते त्या कुळाला काय वाटत असेल, हेही एकदा मनात आणून पाहावे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सेविकांनी या अडचणी सांगितल्या कोणाला? रोजच्या कामात त्या पर्यवेक्षिकेला सांगतात. पर्यवेक्षिका बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना सांगते. तेथून गोष्ट जिल्ह्याला, जिल्ह्यावरून आयुक्तालयाला आणि तेथून दिल्लीला जायची. प्रत्येक पायरीवर तक्रारीचे शब्द कमी होत जातात. ‘दुपारी दोननंतर वजन भरले की चक्र फिरत राहते आणि भरलेले पुसले जाते’ हे वाक्य वर पोहोचेपर्यंत ‘तांत्रिक अडचण’ एवढेच उरते. ‘तांत्रिक अडचण’ या दोन शब्दांवरून कोणताही अभियंता काही दुरुस्त करू शकत नाही. उलट दिशेने येणारा आदेश मात्र एकही शब्द न गळता खाली येतो.

शेवटी ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी आपले शासकीय मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. हे आंदोलन ‘मोबाइल वापसी’ म्हणून ओळखले गेले. काम करणार, नोंदीही ठेवणार, पण या साधनावर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांनी त्याला आंदोलन म्हटले आणि ते होतेच. परंतु या पाठाच्या दृष्टीने पाहिले, तर तो वापरकर्त्यांचा अभिप्रायही होता. साध्या शब्दांत दिलेला अभिप्राय ऐकला गेला असता, तर तो पेट्यांमध्ये भरून कार्यालयाच्या दारात आणून ठेवावा लागला नसता. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंतही गेला. पुढच्या काळात पोषण ट्रॅकरमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. आता ही संख्या वीसहून अधिक आहे. नव्या मोबाइलची मागणी 2023 च्या संपातही पुढे आली होती. भाषा बदलायला इतका काळ लागावा, याचे समर्थन करणे कठीण आहे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नव्हते.

दुरुस्तीला वेळ का लागतो? ॲप बनवणारे लोक आळशी असतात, असे समजू नये. खरे कारण असे, की अशा ॲपला दोन प्रकारचे वापरकर्ते असतात. एक माहिती भरणारा, दुसरा ती माहिती वाचणारा. सेविका भरते; अधिकारी आपल्या कार्यालयात पडद्यावर आकडे पाहतो. दोघांच्या अपेक्षा निराळ्या आहेत. वाचणाऱ्याला वाटते, आणखी एक रकाना असता तर बरे झाले असते. भरणारीला वाटते, आहेत त्यांतले चार कमी झाले तर बरे. वाचणारा बनवणाऱ्याच्या जवळ बसतो, बैठकीला हजर असतो, पैसे मंजूर करतो. म्हणून त्याचा अभिप्राय आधी ऐकला जातो आणि ‘सुधारणा’ या नावाखाली रकाने वाढत जातात. कामाची यादी अशा रीतीने हळूहळू हजेरीपत्रक होते. सेविकेला पुढचे काम सुचवण्याऐवजी, तिने काम केले की नाही हे दुसऱ्याला दाखवणे हाच तिचा उपयोग उरतो.

याचे एक उदाहरण पाहा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाव सोडतात आणि उन्हाळा लागताना परततात. गावात नोंद झालेली गरोदर स्त्री पाचव्या महिन्यात कोल्हापूरकडच्या फडावर असते. गावच्या सेविकेच्या यादीत तिच्या घरची भेट ‘राहिलेले काम’ म्हणून दिसत राहते. फडाजवळच्या सेविकेला ती समोर दिसते, पण तिच्या यादीत ती नसते. दोघी सेविका आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक यादीच्या रचनेत आहे, कारण माणूस वर्षभर एका जागी राहतो असे तिने गृहीत धरले आहे. ही गोष्ट दिल्लीत बसून सुचणे कठीण. ती बीडच्या सेविकेला पहिल्याच हंगामात कळते. पुढे स्थलांतरित लाभार्थीची नोंद एका अंगणवाडीकडून दुसरीकडे देण्याची सोय पोषण ट्रॅकरमध्ये करण्यात आली. केवळ पडद्याचे रंग किंवा बटणांची जागा बदलणाऱ्या सूचनांपेक्षा अशी सूचना अधिक मोलाची असते, कारण ती कामाचे खरे स्वरूप सांगते.

तुम्ही सेविका नसाल, तरी असे एखादे ॲप तुमच्या वाट्याला येईलच. कारखान्यातील पाळ्या, घरोघरी सामान पोहोचवण्याची कामे, बचत गटाचे हप्ते, पिकांची पाहणी, सारे आता फोनवर आले आहे. म्हणून उपयोगी अभिप्राय कसा लिहावा, हे थोडक्यात पाहू. ‘ॲप चालत नाही’ या वाक्यात राग आहे, माहिती नाही. आपण काय करत होतो, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी क्रमाने लिहिल्या की बनवणाऱ्याला तीच चूक आपल्या टेबलावर पुन्हा घडवून पाहता येते. आणि पुन्हा घडवता आलेली चूक सुधारता येते. फोन कोणता, रेंज होती की नव्हती, असे एकदाच झाले की रोज होते, हेही लिहावे. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवावा किंवा त्याचे छायाचित्र काढावे. छायाचित्रात कोणाचे नाव, आधार क्रमांक किंवा आजार दिसत असेल तर ते आधी झाकावे. आणि शक्य असेल तर त्या चुकीमुळे कोणाचे काय अडले, ते एका वाक्यात सांगावे. ‘वजन दोनदा नोंदले जाते’ या तक्रारीपेक्षा ‘वजन दोनदा नोंदले गेल्यामुळे तीव्र कुपोषित बालक सामान्य श्रेणीत दिसले’ ही तक्रार आधी हातात घेतली जाते, आणि तसेच व्हायला हवे.

हे सारे लिहायचे कोठे, हाही प्रश्न असतोच. ॲपमध्ये ‘मदत’ किंवा ‘तक्रार’ असा कप्पा असेल तर तेथे लिहावेच. पण एक प्रत लेखी स्वरूपात तारखेसह आपल्या वरिष्ठांनाही द्यावी व तिची पोच घ्यावी. एकटीने लिहिलेला अर्ज हरवतो. वीस जणींनी त्याच अडचणीविषयी, आपापल्या शब्दांत, पण तारीख-वेळ घालून लिहिलेले अर्ज सहसा हरवत नाहीत. या कामी सेविकांच्या संघटनांचा मोठा उपयोग झाला. अडचणी गावोगावहून गोळा करून त्यांची वर्गवारी करणे, हे काम मोठ्या कंपन्या पगारी माणसे नेमून करून घेतात. येथे ते सेविकांनी आपला वेळ घालून केले.

1 जुलै 2025 पासून घरपोच आहार देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर पडताळून पाहणे बंधनकारक झाले. आहार योग्य व्यक्तीलाच मिळावा, हा त्यामागील हेतू. त्याबरोबर नव्या अडचणीही समोर येऊ लागल्या. रेंज नसलेल्या पाड्यावर पडताळणी पुरी होत नाही. संदेशाने येणारा क्रमांक पतीच्या फोनवर जातो आणि पती कामावर गेलेला असतो. जुन्या छायाचित्राशी बाळंतिणीचा चेहरा जुळत नाही. आई मजुरीला गेली असल्याने बाळाचा आहार न्यायला आजी आलेली असते. सेविका तिला ओळखते, आजीच्या कडेवरच्या बाळाचे वजन तिने गेल्याच आठवड्यात केलेले असते. तिच्यासमोर आहाराची पाकिटे असतात, आणि फोनच्या पडद्यावर चक्र फिरत असते.